यास्मीनच्या हळदीची ढोलकी

इकडं बघा, वर, खुंटीकडं. एका तोंडानं फाटलेली आणि तरीही गप्प न बसणारी ती मीच. रोहिणखेडच्या सुगराबीची ढोलकी म्हणतात मला. तुमच्याकडं घटकाभर वेळ असेल तर बसा, कारण एकदा सुरू झाले की मला आवरणं माझ्या मालकिणीलाही जमत नाही.

माझं खोड आंब्याचं. कोणी कोरलं, कोणी कातडं चढवलं, मला आठवत नाही. आठवतो तो धामणगाव बढ्याचा बाजार. सुगराबीचे मालक शकूरभाई कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. गादीचे पैसे हातात आले आणि घरी न्यायला तेल-मीठ घ्यायचं सोडून या बहाद्दरानं मला घेतलं. लग्न नवीन होतं ना! सुगराबी आधी रागावली. "आता काय हिले शिजवून खाऊ?" म्हणाली. मग मांडीखाली घेऊन एक थाप मारली, आणि तिचा राग कुठल्या कुठं पळाला.

त्या दिवसापासून गावात कुणाच्या पोरीला हळद लागायची असली की आधी सुगराबीला बोलावणं यायचं. पाटलांकडं, मोमिनांकडं, माळ्यांकडं, सगळीकडं आम्ही दोघी. माझं उजवं तोंड बारीक, खट्याळ. डावं जाड, घुमणारं. नवऱ्या मुलाच्या आईला गाण्यातून चिमटे काढायचे असले की उजवं, आणि नवरीच्या आईला रडवायचं असलं की डावं. बायका आधी हसायच्या, मग रडायच्या, मग चहा प्यायच्या. माणसांचं हे मला फार आवडतं, रडून झाल्यावर चहा लागतोच त्यांना.

मग बीटी कापसाचं बियाणं आलं. पहिली काही वर्षं शेतं अशी पांढरी झाली की बघत राहावं. घरोघरी नव्या गाद्या, घरोघरी लग्नं. शकूरभाईंच्या मिशीत कायम कापसाचे तंतू आणि माझ्या दोऱ्यांना उसंत नाही. शेजारच्या सत्यभामाबाईंच्या घरी तर आम्ही इतक्यांदा गेलो की त्यांची म्हैसही मला ओळखायची.

पण गुलाबी अळी आली आणि बोंडं आतून पोखरली गेली. सत्यभामाबाईंच्या मालकांनी, रंगरावांनी, कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत नांगर घातला. लग्नं थांबत नाहीत म्हणा, पण ती चोरासारखी उरकायला लागली माणसं. चार माणसं, देवळापुढं दोन हार, झालं लग्न. पीक गेलेल्या घरात ढोलकी वाजवायची कशी, लाज वाटते, असं म्हणायचे. मी खुंटीवर गेले. शकूरभाईंची पिंजणही गप्प झाली. शिजवून खायची वस्तू नव्हते मी, हे सुगराबीचं जुनं बोलणं मला त्या काळात फार लागलं.

सुगराबी-शकूरभाईंची एकुलती एक लेक यास्मीन. माझ्या शेजारी रांगली, माझ्यावर डोकं ठेवून झोपली. ती शिकली, नर्स झाली, नाशिकला दवाखान्यात लागली. तिथंच आसिमशी जुळलं. तारीख ठरली आणि पहिल्या टाळेबंदीत पुढं गेली. परत ठरली, परत पुढं गेली. शेवटी दुसऱ्या लाटेत, ईद झाल्यावर, दोघांना कशीबशी सोबत सुट्टी मिळाली. इकडं मात्र जिल्ह्याची हद्द बंद, आई-बापाला पास नाही.

"होऊ दे," सुगराबी म्हणाली. "माणसं जगून राह्यली हेच खूप." आणि चुलीकडं तोंड करून कितीतरी वेळ फुंकर मारत बसली. चूल पेटलेलीच होती.

पण यास्मीन आईवरच गेलेली. तिनं फोनवर सांगून टाकलं, "अम्मी, तुमच्या ढोलकीची थाप ऐकल्याबिगर मी हळद लावून घेत नाही. ऑनलाइन मीटिंग करू, पण थाप पाहिजे."

आता पंचाईत अशी, की आमच्या गल्लीत आईनं स्वतःच्या लेकीच्या हळदीत ढोलकी धरायची नसते. तिनं बसायचं आणि डोळे पुसायचे, वाजवायचं दुसऱ्यांनी. पण त्या दिवसांत दुसरं घरात येणार कोण? सुगराबीनंच मला खाली काढलं. पदरानं धूळ पुसली.

आमचा फोन साधा, म्हणून चेहरा दिसणारा फोन सत्यभामाबाईंच्या सुनेचा, रुपालीचा. बचत गटाच्या ऑनलाइन मीटिंगा घेणारी पोर ती. तोंडाला पदर गुंडाळून ओसरीवर आली, डब्याला टेकवून फोन उभा केला. सत्यभामाबाई आपल्या दारातूनच मान उंच करून बघत होत्या. फोनच्या काचेत यास्मीन दिसली, पिवळ्या ओढणीत. मागं तिच्या मैत्रिणी, हळदीची वाटी. शकूरभाई फोनच्या इतके जवळ गेले की पलीकडं नुसतं त्यांचं नाक दिसलं म्हणे.

सुगराबीनं गाणं धरलं. मी मनापासून वाजले. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर काढलं मी.

"अम्मी," यास्मीन म्हणाली, "गाणं येऊन राह्यलं. ढोलकी काऊन वाजवत नाही?"

"वाजवून तर राह्यली मी!"

"हात हलताना दिसतात. आवाज नाही येत."

सुगराबीनं जोर लावला. पलीकडं मी नाहीच. मला फोनच्या पुढ्यात आणलं. तरी नाही. उलट आता गाण्याचेही तुकडे पडायला लागले.

"कातडं ढिलं पडलं असन," शकूरभाई म्हणाले. ढोलकी नीट बोलत नसली की तिला धग द्यायची आणि दोऱ्या ताणायच्या, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी मला चुलीपाशी नेलं, शेकलं, दोऱ्यांच्या कड्या ओढल्या. मी ओरडून सांगत होते, अहो, मी ठीक आहे, तुमच्या त्या फोनला विचारा! पण ढोलकीचं ऐकतो कोण? सुगराबीनं परत मांडीखाली घेतलं, जीव खाऊन थाप मारली आणि माझं उजवं तोंड टर्रकन फाटलं.

सुगराबीनं कपाळाला हात लावला. "माह्या पोरीच्या हळदीले हे काय झालं, या अल्ला!" पलीकडं यास्मीनला माझं फुटणं ऐकूही आलं नाही, पण आईचं तोंड दिसलं. तिनं हळदीची वाटी बाजूला सारली.

"बाई, नुसती हळद लावून घे," सुगराबी रडत म्हणाली. "मनावर नको घेऊ."

"नाही म्हणजे नाही, अम्मी."

रुपाली फोनमध्ये बोटं चालवत होती. एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, "थांबा, चाची! मी गटाची मीटिंग पिठाच्या गिरणीत बसून घेतो ना, तर बाकीच्या बायांले माहा आवाज जाते, गिरणीचा नाही जात. फोनच गिळून टाकते तो आवाज. मले वाटे, बरं हाय. आता त्याले तुमची ढोलकीबी गिरणीच वाटून राह्यली!"

गिरणी! मी! जन्मात इतका अपमान झाला नव्हता माझा. पाटलांच्या तीन पिढ्या नाचवल्या मी आणि हा वीतभर फोन मला दळण समजतो! दारातून सत्यभामाबाई ओरडल्या, "मग सांग ना त्याले, हे दळण नाही, गाणं हाय म्हनून!"

"तेच सांगून राह्यली," रुपाली म्हणाली. खरंच तसं सांगायची सोय असते म्हणे आत कुठंतरी, आवाज आहे तसाच जाऊ दे म्हणून. तिला ती सापडेना. एकदा मीटिंगच बंद पडली. परत जोडली. शकूरभाई म्हणाले, "राहू दे बाई, तुले घरी कामं असतीन."

रुपालीनं मान वर केली नाही. "माह्या हळदीले कोणी गायलं नाही, चाचा. त्या साली बापाचा कापूस अळीनं खाल्ला होता. मुकी हळद लावली मले. यास्मीनची मुकी नाही जाऊ देत मी." सत्यभामाबाईंनी सुनेच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्या दारातच खाली बसल्या.

मग ती सोय सापडली आणि रुपाली म्हणाली, "मारा आता, चाची."

माझं डावं तोंड तेवढं उरलं होतं. सुगराबीनं भीत भीत एक थाप दिली. पलीकडं यास्मीननं छातीवर हात ठेवला. "आली," म्हणाली. "आली, अम्मी."

मैत्रिणींनी टाळ्या धरल्या, तर त्या इकडं उशिरा पोचायच्या आणि सुगराबीचा ठेका चुकायचा. रुपालीनं त्यांचा आवाज बंद केला. आता इकडं नुसत्या आम्ही दोघी आणि काचेत मुक्यानं हलणारी माणसं. उजवं तोंड नव्हतं, म्हणून चिमटे काढणारी गाणी गेली. आईला रडवायची तेवढी उरली, आणि वाजवणारी आईच. तरी ती थांबली नाही. पलीकडं यास्मीनच्या गालाला, हाताला, पायाला हळद लागली. शेवटचं बोट लागेपर्यंत सुगराबीची थाप चालू होती. गळा कधीच बसला होता, आसवं माझ्या खोडावर ठिबकत होती, आणि तरी मला सांगावंसं वाटतं, आयुष्यात मी इतकी चांगली कधी वाजले नाही.

मग निरोपाची वेळ आली, रुपालीनं पलीकडचा आवाज परत सुरू केला. एरवी लेक गळ्यात पडते, बायका सोडवतात. इथं काच मधे. "ठेवते, अम्मी," म्हणाली यास्मीन, आणि ठेवेना. सुगराबीही ठेवेना. मीटिंग बंद करायचं बटण रुपालीच्या हातात होतं. तिनं ते दाबलं नाही. "फोन सकाळी नेतो," म्हणून पदर सावरत निघून गेली. मायलेकी एकमेकींकडं बघत बसल्या, फोनमधला जीव संपेपर्यंत.

तेव्हापासून मी अशीच आहे. शकूरभाई दर बाजाराला म्हणतात, "हिले नवं कातडं चढवतो." सुगराबी नको म्हणते. "यास्मीन आली की तिच्यापुढं चढवू." यास्मीनला सुट्टी मिळत नाही. मिळेल म्हणते, दर वेळी म्हणते. शुक्रवारी सुगराबी मला मांडीखाली घेते, रुपालीच्या फोनपुढं अर्ध्या तोंडानं वाजवते, आणि नाशिकला भाकरी थापता थापता यास्मीन ऐकते.

तुमच्यापैकी कोणी नाशिकला जात असेल तर तिला एवढं सांगा. अर्ध्या तोंडाचं मला काही वाटत नाही, मी आणखी किती वर्षं वाजेन. पण तुझी आई आता गाणं पुरं करत नाही गं. मधेच थांबून दुखरे हात चोळत बसते, आणि तू फोनमध्ये विचारलंस की म्हणते, ढोलकीच बिघडली. मी बिघडलेली नाही, पोरी. तू लवकर ये.