मी, कुंभारीच्या चष्म्यांची यादी

मित्रांनो, माझं वय विचाराल तर सहा वर्षं. माणसांत हे पहिलीत जायचं वय, पण आम्हा एक्सेलच्या फायलींमध्ये मी पार म्हातारी. माझा जन्म सोलापूरजवळच्या कुंभारी गावात, एका सेवा मंडळाच्या ऑफिसात झाला. नंदीश नावाच्या कार्यकर्त्याने एका दुपारी, समोरचा चहा थंड होईपर्यंत बसून, माझे रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, वय, वस्ती आणि चष्म्याचा नंबर. माझं नाव ठेवलं 'यादी'. पुढच्या वर्षी ते 'यादी नवीन' झालं आणि त्याच्या पुढच्या वर्षी 'यादी नवीन खरी'. इतक्यांदा बारसं झालेली दुसरी कुणी तुमच्या माहितीत असेल, तर मला जरूर कळवा.

मंडळ दर हिवाळ्यात डोळ्यांचं शिबिर घेतं. डॉक्टर तपासतात, नंबर काढतात आणि महिन्याभराने चष्मे तयार होऊन येतात. कुणाचा चष्मा कोणता, हे एकट्या मला ठाऊक असतं. त्या दिवसांत माझा थाट काय वर्णावा! जो तो माझ्यात डोकावतो. चष्मे वाटून झाले की मात्र अकरा महिने मी कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोंखाली पडून असते आणि कुणी ढुंकूनही बघत नाही.

माझ्यात नावं भरतात ते निंगप्पा मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, दोन बोटांनी टाईप करणारे, पण टापटीप अशी की बघत राहावं. त्यांचा एक नेम आहे. कुणाचंही नाव बोडकं लिहायचं नाही. पुरुषाला आधी 'श्री.', सवाष्णीला 'सौ.', नवरा गेलेल्या बाईला 'श्रीमती', मग एक मोकळी जागा आणि मग नाव. ऊसतोड्या असो की सरपंच, माझ्यात तो मानानेच बसतो. मला याचा फार अभिमान होता. त्याच अभिमानाने एकदा सगळ्यांची फजिती केली, ती गोष्ट सांगते.

या वर्षी चष्मे सहाशे बारा आले. गेल्या साली वाटपाला नुसती झुंबड उडाली होती, म्हणून मंडळात नव्याने आलेल्या वैष्णवीने एक युक्ती काढली. शाळेच्या मैदानात टेबलं मांडायची आणि नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे माणसं वाटून द्यायची. कुठल्या अक्षराची किती नावं आहेत, ते तिने मलाच विचारलं. 'श' लिहून पुढे चांदणी टाकली, म्हणजे 'श' ने सुरू होणारं सगळं. मी तीनशे अठरा सांगितले. 'स' विचारला, मी दोनशे एक्कावन्न म्हटलं. उरलेल्या सगळ्या अक्षरांत मिळून त्रेचाळीस. ती नावं मास्तर चार दिवस मोहोळला लग्नाला गेले होते, तेव्हा नंदीशने घाईघाईत बोडकीच भरली होती.

वैष्णवीला शंका आली. तिने मंडळाचे अध्यक्ष रुद्रप्पा यांना आकडे दाखवले. ते खुशीत हसले.

"असणारच की. सिद्धरामाचा मुलूख हाय आपला. घरटी एक सिद्धू, एक शरणप्पा, एक शिवलीला. श आनि स लईच निघणार."

वैष्णवी पुण्याकडची. तिला ते पटलं. 'श्री.' आणि 'सौ.' माणसांच्या डोळ्यांच्या इतके सवयीचे असतात की समोर असूनही दिसत नाहीत. मला सगळं दिसत होतं, पण मला तोंड कुठे आहे? विचारलं तेवढंच सांगायचं, हा आमचा जन्माचा धर्म.

वाटपाच्या दिवशी 'श' आणि 'स' यांची सहा टेबलं मांडली आणि बाकीच्यांना मिळून एक. सहा टेबलांवरचे कार्यकर्ते थोड्याच वेळात मोकळे होऊन माश्या हाकत बसले. सातव्या टेबलाची रांग मात्र फाटकाबाहेर गेली. त्या रांगेत काशम्मा होत्या. घरी कडक भाकरी करून विकतात. त्यांच्या भाकरीला सोलापूरपर्यंत मागणी, पण सहा महिन्यांपासून त्यांना तव्यावरच्या भाकरीचा डाग दिसेनासा झाला होता. भाकरी करपू लागली आणि गिऱ्हाईक तुटू लागलं. या चष्म्यावर त्यांचं घर अडलं होतं. उरलेले चष्मे त्याच संध्याकाळी परत जायचे होते.

पुढच्या बऱ्याच जणांना नाव सापडत नाही म्हणून बाजूला बसवलं होतं. दोन तास उभं राहून काशम्मांचा नंबर लागला. वैष्णवीने 'क' ची छापील यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि हळूच म्हणाली, "अव्वा, तुमचं नाव नाही."

काशम्मा पदराने डोळे पुसून वळल्या. खरं सांगते मित्रांनो, मला त्या क्षणी पुसून टाकलं असतं तरी चाललं असतं. त्या माझ्यातच होत्या, अगदी शेवटच्या ओळीत.

पाणी वाटत असलेल्या निंगप्पा मास्तरांनी ते ऐकलं आणि तांब्या खाली ठेवला.

"न्हाय कसं? माज्या हातानं लिवलंय. श्रीमती काशम्मा. श मदी बघ."

वैष्णवीने लॅपटॉपवर मला उघडलं, नावं वाचली आणि कपाळाला हात लावला. मास्तरांचा चेहरा पडला. नावांआधीचा तो मान काढून टाका म्हणाले, आपल्यामुळे म्हातारीला परत जावं लागलं असतं. पण वैष्णवीने मान काढला नाही. मानासाठी शेजारी नवा रकाना केला. मास्तरांनी दर वेळी न चुकता सोडलेली ती एक मोकळी जागा आता कामाला आली. तिथूनच 'श्रीमती' एका बाजूला आणि 'काशम्मा' दुसऱ्या बाजूला असे सगळे झटक्यात वेगळे झाले. पुन्हा विचारल्यावर मी 'क' चे एक्क्याऐंशी सांगितले. 'श' आणि 'स' मिळून दीडशेवर होतेच, त्यामुळे रुद्रप्पांनाही अगदीच माघार घ्यावी लागली नाही. मग रांगेतल्या बायकांनीच हातोहात चष्म्यांच्या डब्या या टेबलावरून त्या टेबलावर पोचवल्या. तासाभरात मैदान सुरळीत झालं.

काशम्मांनी चष्मा लावला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. मास्तरांच्या साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं त्यांनी बोट ठेवून वाचली. आधी 'श्रीमती', मग 'काशम्मा'. मग वैष्णवीकडे वळल्या. आवाजात राग नव्हता.

"दोनी हायत की गं. मग न्हाय म्हनालीस ते कुनाला?"

वैष्णवीने त्यांचा हात धरला आणि पार फाटकापर्यंत सोडून आली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली. एकाही भाकरीला डाग नव्हता.

मित्रांनो, मला जपा, माझी एक प्रत काढून ठेवा, वर्षातून दोनदा उघडा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. कुणालाही 'तुमचं नाव नाही' असं म्हणण्याआधी, मला शेवटच्या ओळीपर्यंत एकदा नीट वाचा.