पट्टीखालचा गुलाब

"काका, आले!" वर्षानं मोबाइल डोमाजींच्या चष्म्याला जवळजवळ चिकटवलाच. "एक्केचाळीस हजार. अन् वरून व्याजबी!"

डोमाजी मुनेश्वरांनी आकडा दोनदा वाचला. "व्याज सुखानं नसंन देल्लं त्यानं."

"फोनवर रडून राह्यला होता. म्हने, दोन अल्बमच्या पैशासाठी मानसाले असं कायद्यानं मारते का कोनी?"

"दोन?"

"अकरा होते, काका."

"मंग बराबर. ज्याले द्याचं आहे त्याले मोजता येत नाही. पह्यलं लक्षण हेच."

वर्षा राठोड तांड्यावरच्या घरी बसून लॅपटॉपवर लग्नाचे अल्बम करायची, आणि यवतमाळचा एक स्टुडिओवाला ते स्वतःच्या नावानं विकायचा. आठ महिने त्यानं तिला पैसे सोडून सगळं दिलं होतं: आशीर्वाद, दिवाळीचा मेसेज, पुढच्या सीझनचं वचन. शेवटी ती डोमाजींकडे आली.

दारव्ह्याच्या कोर्टात चौतीस वर्षं कारकुनी करून डोमाजी निवृत्त झाले आणि बोरी अरबच्या बाजार ओळीत पत्र्याच्या खोलीत बसू लागले. दारावर पाटी होती: 'थकलेल्या मेहनतान्यासाठी अर्ज, नोटीस व सल्ला. येथे वकील बसत नाही.' शेवटच्या वाक्यामुळे गर्दी वाढली, असा त्यांचा अंदाज होता. अल्बमवाले, ड्रोनवाले, घरबसल्या भाषांतर करणारे, सगळे यायचे. डोमाजी आधी त्यांची छोट्या धंद्याची सरकारी 'उद्यम' नोंदणी करून घेत. मग समोरच्याला रजिस्टर पोस्टानं कळवत, की नोंदणी झालेल्याचं बिल पंचेचाळीस दिवसांत चुकवलं नाही तर बँकेच्या तिप्पट दरानं व्याज चढतं आणि तेही दर महिन्याला व्याजावर व्याज. हे वाक्य वाचून भलेभले बाहेरगावाहून परत येत. पैसे बुडवणाऱ्यांच्या सबबी त्यांना पाठ होत्या. ग्राहकानं तोंड उघडायच्या आत ते सबब सांगून टाकत, आणि लोकांना वाटे, माणूस किती अनुभवी आहे.

वर्षानं त्यांची तीनशे रुपये फी ठेवली, पेढ्याचा पुडा ठेवला, पण उठली नाही.

"अजून एक काम होतं. माह्या बाचं."

डोमाजींचा हात पेढ्यावर थांबला.

तिचा बाप गुलाबसिंग पाट्या रंगवायचा. बाजारातल्या निम्म्या दुकानांची नावं त्याच्या ब्रशातून उतरली होती. पाटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तो नाव लिहीत नसे, चार फटकाऱ्यांत एक लाल गुलाब काढी. मग फ्लेक्स आले, आणि दोन वर्षांपूर्वी लकवा आला. उजवा हात तेव्हापासून खांद्याला नुसता लटकून होता.

"बिल नाही, कागद नाही," वर्षा म्हणाली, "पन गुलाब आहेत. मी सारा बाजार फिरून फोटो काढले." तिनं मोबाइलवर एकेक पाटी सरकवली. किराणा, कृषी केंद्र, सलून, गिरणी. "पाच जनाईनं पैसे देल्ले नाहीत. चौघाईचे नावं बानं सांगतले. पाचवं सांगत नाही."

"काहून?"

"म्हन्ते, त्या मानसाचं आपल्याले काम पडते, राहू दे."

डोमाजींनी पेढा परत पुड्यात ठेवला. त्यांच्या स्वतःच्या पाटीवर त्याच उजव्या कोपऱ्यात मोबाइल नंबरची पत्र्याची पट्टी होती. नंबरासाठी पाटीवर इतरत्र भरपूर जागा होती.

पाटीचे अठ्ठावीसशे रुपये. पहिल्या महिन्यात पेन्शन सुरू झाली नव्हती, हे खरं कारण होतं. दुसऱ्या महिन्यापासून पाठ असलेल्या सबबी कामी आल्या. "पुढच्या बाजारी ये" ही तर गुलाबसिंगनं त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की तो मंगळवारी दिसला तरी डोमाजींना बाजाराचा शुक्रवार आठवायचा.

"किती जुनं आहे?" त्यांनी विचारलं, माहीत नसल्यासारखं.

"चार ते सहा वर्सं."

"मंग मुदत गेली, पोरी. तीन वर्सं. त्याच्यावर दावा चालत नाही."

"बा बी हेच म्हन्ते." वर्षा वैतागली. "चौघाईकडे तवा तो चकरा मारून राह्यला होता, सलूनवाला तं देतोच म्हने. अन् एक दिवस घरी येऊन बसला तो उठलाच नाही. कोर्टातल्या कोन्या मानसानं त्याले सांगतलं म्हने, गुलाबसिंग, मुदत गेली, आता मांगशीन तं तूच आत जाशीन. बा भेला. त्यानं साऱ्याईलेच मांगनं सोडलं. तवा बाकीच्या पाट्याईले वर्स-दीड वर्स तं झालं होतं!"

डोमाजींना तो दिवस आठवला. पाटीला तीन वर्षं आणि चार दिवस झाले होते. त्यांनी मोजले होते. गुलाबसिंग दारात उभा होता, हात तेव्हा चालता होता. चहावाल्यासमोर त्यांनी ते वाक्य टाकलं होतं आणि स्वतःच हसले होते. चहावालाही हसला होता. गुलाबसिंग हसला नव्हता, पण न हसणाऱ्यांकडे कोर्टातही कोणी लक्ष देत नसे. प्रकरण निकाली निघालं, असं समजून डोमाजींनी त्या संध्याकाळी पट्टी ठोकली.

आपण अठ्ठावीसशे बुडवले, एवढंच ते आजवर धरून चालले होते. बाकीच्या चौघांचेही आपणच बुडवून दिले, हे आत्ता कळत होतं. कोर्टातल्या चौतीस वर्षांतही त्यांनी एवढा पाळला गेलेला हुकूम पाहिला नव्हता.

"म्हंजे तीन वर्सं तोंड चुकवलं का मानूस सुटला?" वर्षानं विचारलं.

"कायद्यानं सुटला." डोमाजींनी चष्मा काढून पुसला, तो स्वच्छच होता. "एक वाट आहे. देनेकऱ्यानं सोता लिहून, सही करून देल्लं, का मी देतो, तं मुदत गेलेलंबी पुन्हा मांगता येते."

"असा येडा कोन भेटंन?"

"लॅपटॉप आहे न संगं? टाइप कर."

वर्षानं लॅपटॉप उघडला. डोमाजी भिंतीकडे बघत सांगू लागले. "लिहून देणार, डोमाजी फकीरा मुनेश्वर, वय चौसष्ट, धंदा..."

की-बोर्डचा आवाज थांबला.

"काका, हे तं तुमचं नाव."

"धंदा, अर्ज लिहिणे. टाइप कर."

ती मान खाली घालून टाइप करू लागली, आता जरा जोरात. पाटी कधी रंगवली, किती रुपये ठरले, किती चकरा मारायला लावल्या, सगळं त्यांनी कोर्टाच्या भाषेत सांगितलं. ती भाषा त्यांना आज पहिल्यांदाच टोचत होती.

"तसेच मी सदर गुलाबसिंग यांस असा खोटा सल्ला दिला, की पैसे मागितल्यास तुरुंग होईल. त्या सल्ल्यामुळे त्यांचे इतरही चार ठिकाणचे पैसे..." डोमाजींना पुढचा शब्द सापडेना.

वर्षानं वर न बघता विचारलं, "मस्करीत देल्ला असं लिहू, का जानूनबुजून?"

बाहेर गिरणीचा पट्टा फटफटत होता.

"दोन्ही लिव."

तिनं समोरच्या दुकानातून प्रिंट आणली. डोमाजींनी सही केली, खाली तारीख घातली, ड्रॉवरमधून अठ्ठावीसशे काढून कागदावर ठेवले.

"टायपिंग-प्रिंटचे तीस," वर्षा म्हणाली. तिच्या आवाजात आता काका नव्हता.

डोमाजींनी ते लगेच दिले. पंचेचाळीस दिवसांची सवलत मागायची त्यांची हिंमत झाली नाही.

ती गेल्यावर त्यांनी स्टुलावर चढून पट्टीचे खिळे उपसले. बाकी पाटी सहा उन्हाळ्यांनी पांढरट केली होती. 'सल्ला'मधला एक ल तर दिसेनासाच झाला होता. पट्टीखालचा गुलाब मात्र शेवटचे तीन उन्हाळे सावलीत राहून अजून लाल होता. येणारा-जाणारा आधी त्याच्याकडेच बघे.

शुक्रवारी बाजारात वर्षाच्या स्कूटीमागे बसून गुलाबसिंग आला. डोमाजी लगबगीनं बाहेर आले. हातात चौघा दुकानदारांसाठी लिहिलेली चार पत्रं होती. त्यात एकही कलम नव्हतं. चारही पत्रांत 'विनंती' हा शब्द मात्र होता, आणि तो लिहिताना त्यांचं अक्षर बिघडलं होतं.

"या चौघाईकडे मी सोता जातो, गुलाबसिंग."

"देतीन का?"

"नाही सांगता येत."

"पन मुदत तं गेली न साहेब?"

"गेली," डोमाजी म्हणाले.

गुलाबसिंगनं मान हलवली. मग तो पाटीसमोर उभा राहिला, डोळे बारीक करून, कारागीर पाहतो तसा. गुलाबावरून त्याची नजर उडालेल्या अक्षरांवर गेली आणि तिथंच राहिली.

"लय फिक्की झाली हो," तो हळहळला. "हात चालता असता तं आत्ताच गिरवून देल्ली असती." मग डोमाजींचा चेहरा पाहून घाईनं म्हणाला, "पैशाचं काई नाही. ते मंग देल्ले असते तरी चाललं असतं."

आणि डाव्या हाताचं बोट त्यानं हवेत, त्या पुसट ल वर, हळूहळू फिरवलं.