वास येईनासा झाला

धायरीतल्या त्या शेडमध्ये एरवी बागेतल्या घसरगुंड्या बनत, फायबरच्या, लाल-पिवळ्या. यंदा मात्र निम्मी जागा एका शिडाच्या बोटीने अडवली होती. अभय आणि दीपमालाने निवृत्तीनंतर ती कोकणातल्या एका बंदरावरून जुनी विकत घेतली आणि ट्रेलरवर घालून पुण्यात आणली. बोट उतरवून घेताना शेडचा मालक संपत एवढंच म्हणाला होता, "समुद्र इथून लांब हाय, सर."

बोटीचं बाकी सगळं होत आलं होतं, राहिला होता संडास. बोटीवर मैला साठवायला टाकी असते, म्हणजे बंदरात उभं असताना घाण पाण्यात सोडावी लागत नाही. जुनी टाकी बोटीच्या पुढच्या टोकाला, बिछान्याच्या फळीखाली होती, आणि आधीच्या मालकाने ती रिकामी न करताच बोट विकली होती. किती दिवस आत काय कुजत पडलं होतं कोण जाणे. नव्या दोन टाक्या संपतनेच मापाने बनवून दिल्या होत्या. त्या शेडच्या दाराशी तयार उभ्या होत्या.

दीपमालाची उभी नोकरी मैलापाणी शुद्धीकरणात गेली होती. नोकरीत नवी असताना तिने एकदा रस्त्यावरच्या चेंबरमध्ये एक माणूस कोसळताना पाहिला, आणि त्याला काढायला त्याचा भाऊ उतरताना पाहिला. वर आली ती दोघांची प्रेतं. तेव्हापासून या बाबतीत ती कोणाचंच ऐकत नसे. अभयला तिने बजावलं होतं, आधी टाकी उपसायची, पुढच्या टोकाच्या छतातली काचेची झडप उघडायची, वारा खेळू द्यायचा, मगच पाइपला हात लावायचा. झडप जाम झाली होती आणि वर ताडपत्री बांधलेली होती, पण अभयने मान डोलावली होती. मान डोलावण्यात तो पटाईत होता.

त्या रविवारी उपसायच्या पंपाचा पाइप टाकीच्या तोंडाला बसेना, म्हणून दीपमाला क्लॅम्प आणायला सिंहगड रस्त्यावर गेली. परतली तेव्हा त्यांची मुलगी पूर्वा बोटीला लावलेल्या शिडीपाशी फोन बघत उभी होती. बाबा कुठे म्हणून विचारलं तर तिने अंगठ्याने वर दाखवलं. आत गेलेत, म्हणाली, तेवढ्यात जुना पाइप सोडवून ठेवतो म्हणाले.

दीपमाला शिडी चढून केबिनच्या तोंडाशी गेली. सडक्या अंड्यांचा वास नाकात घुसला आणि ती जागीच थांबली.

"अभय, बाहेर ये."

ते दोघे एकाच कॉलेजातले, लग्नाआधीपासून अरे-तुरेतले. आतून, पुढच्या टोकाकडून, त्याचा नेहमीचा चेष्टेचा आवाज आला.

"आलीस? उगाच घाबरवत होतीस. मघाशी फार घाण येत होती, आता वास गेला बघ."

 इथे दारात उभं राहून तिला मळमळत होतं, आणि टाकीवर वाकलेल्या माणसाला वास येत नव्हता. मैल्यातून सुटणारा हा वायू आधी नाक मारतो, मग माणूस.

"अभय, आहे ते टाक आणि आत्ताच्या आत्ता बाहेर ये."

"एकच नट राहिलाय," तो म्हणाला. त्यानंतर पाना खाली पडल्याचा आवाज झाला. त्यानंतर काहीच नाही.

तिने दोनदा हाक मारली. खालून पूर्वाने काय झालं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता शिडीवर पाय ठेवला. दीपमाला झटकन खाली उतरली, मुलीला शिडीवरून ओढलं आणि दोन्ही हातांनी कवेत घट्ट धरलं. पूर्वा तिच्याहून उंच, ताकदीची. तिने आईचा हात पिरगाळला, ढकललं, शेवटी रडत ओरडली की बाबा आत मरतायत आणि तू मला धरून काय ठेवतेस.

"तू आत गेलीस तर दोघं मराल," दीपमाला म्हणाली. "तुझा फोन हातात आहे. अग्निशमनला लाव, मग ॲम्ब्युलन्स. पत्ता नीट सांग."

संपत धावत आला होता. फायबरच्या रेझिनचा उग्र वास बाहेर टाकायला त्याच्याकडे मोठा ब्लोअर होता. त्याचं नळकांडं वर नेऊन केबिनच्या तोंडात खुपसायला तिने सांगितलं. डोकं आत घालू नकोस, म्हणून दोनदा बजावलं. स्वतः पहार घेऊन ती डेकवर गेली, ताडपत्रीच्या दोऱ्या कापल्या, श्वास कोंडून पुढच्या झडपेच्या जाड काचेवर पहार घातली. दुसऱ्या घावाला काच फुटली. ती मागे सरली, वारा येत होता त्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि ब्लोअर सुरू झाला.

आता थांबायचं होतं. आयुष्यात इतकं कठीण काम तिने केलं नव्हतं. फुटलेल्या झडपेखाली अभयचा खांदा आणि अंगातल्या डांगरीचा निळा पट्टा दिसत होता. हात लांबवला तर पोहोचेल, असं वाटत होतं. खाली पूर्वा फोनवर पत्ता सांगता सांगता हुंदके देत होती. संपत म्हणाला, "ताई, मी जाऊ का? दम कोंडून जातो." ती नाही म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं, ती पुन्हा नाही म्हणाली, आणि आपला आवाज एखाद्या साहेबासारखा कोरडा येतोय हे तिचं तिलाच ऐकू आलं.

झडपेतून बाहेर पडणारी हवा जरा स्वच्छ वाटू लागल्यावरच तिने बोटीचा लांब दांड्याचा आकडा मागवला. संपतने तो झडपेतून आत घालून अभयच्या डांगरीचा पट्टा पकडला. दोघांनी श्वास धरून ओढलं, मागे सरून श्वास घेतला, पुन्हा ओढलं. अभयचं डोकं झडपेच्या तोंडाशी, वाऱ्यात आलं. चेहरा राखेसारखा झाला होता. मग तो खोकला. घाणेरडा, ओला खोकला, पण खोकला. अग्निशमनचे लोक हवेची नळकांडी पाठीवर घेऊन आले तोवर तो आकड्याला तसाच लटकून श्वास घेत होता.

इस्पितळात त्याला बरेच दिवस काढावे लागले. डोळे सुजले, घसा बसला, डावा खांदा निखळला. पाना पडल्यापासूनचं त्याला काही आठवत नव्हतं. त्याने दीपमालाची माफी मागितली.

पूर्वा मात्र आईशी तुटकच वागत होती. डबा आणायची, औषधं आणायची, नजरेला नजर द्यायची नाही. एकदा इस्पितळाच्या जिन्यात तिने विचारलंच.

"तू नुसती उभी होतीस, आई. तेवढ्या वेळात ते गेले असते तर?"

"तर मी एकासाठी रडले असते," दीपमाला म्हणाली. "दोघांसाठी नाही."

पूर्वा डबा घेऊन जिना चढून गेली. तिला ते पटलं की नाही, हे दीपमालाला पुढेही कधी नीट कळलं नाही.

दिवाळीनंतर नव्या टाक्या बसल्या. जुनी टाकी उपसून, धुऊन कधीच बाहेर गेली होती. पुढच्या झडपेला नवी काच यायची होती, म्हणून ती उघडीच होती. दीपमाला आत आडवी पडून पाइप जोडत होती. अभय गळ्यातल्या झोळीत हात अडकवून खाली खुर्चीवर बसला होता, त्याला वर चढायची परवानगी नव्हती. न सांगता, न बोलावता पूर्वा आली आणि केबिनच्या तोंडाशी मांडी ठोकून बसली. दर थोड्या वेळाने ती आत हाक मारायची, "आई?" आणि आतून "हो" आलं की गप्प व्हायची. एकदा दीपमालाच्या तोंडात क्लॅम्प होता, उत्तर द्यायला उशीर झाला. पूर्वा ताडकन उठली, दाराची कड धरून उभी राहिली, पण आत शिरली नाही. तिथूनच तिने खणखणीत आवाजात संपतला ब्लोअर लावायला सांगितलं.

दीपमालाने क्लॅम्प काढून "हो" म्हटलं, आणि नंतरचे क्लॅम्प तोंडात न धरता शेजारी ठेवले.