सहावा ग्लास

फळीवरचा पहिला स्टीलचा ग्लास सविताने दाराच्या उजेडाकडे धरला. सुनील. तो जागेवर ठेवून तिने दुसरा उचलला. गोरक्षनाथ, २००९. तिसऱ्यावर बारीक ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं : वास्तुशांती.

फळीच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून सहादेव उभा होता. परमिट रूम त्याची. साठीचा माणूस, खांद्यावर टॉवेल. चार टेबलांवरची माणसं घास हातात धरून बसली होती. भरदुपारी एक बाई येते, फळीपुढं उभी राहते आणि दारूचे ग्लास एकेक करून वाचते, हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"अजिनाथ नावाचा ग्लास न्हाई हितं," सहादेव म्हणाला. "आल्या आल्याच सांगितलं की ताई. पर तुमचा इस्वास न्हाई तर बघा. एकेक बघा."

"बघतेच हाय."

त्याने हात लांबवून फळीच्या टोकाचा एक ग्लास उचलला, टॉवेलने पुसल्यासारखं केलं आणि पायाजवळच्या बादलीत सोडला. पुन्हा भिंतीला टेकला. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी निळ्या ऑइलपेंटची अक्षरं दिसत होती.

१. आपला ग्लास आपण आणावा. त्यावर नाव पाहिजे.

२. अर्धी भाकरी पोटात गेल्याशिवाय बाटली उघडणार नाही.

३. (इथे सहादेव.)

४. दारू सोडली की ग्लास घरी न्यावा. ज्याचं नाव, त्यानेच न्यावा.

५. नेलेला ग्लास परत घेतला जाणार नाही.

सविता आली होती ती चौथ्या नियमासाठी.

अकरा महिने ती माहेरी, देवळाली प्रवराला होती. पोरीला, संस्कृतीला, शाळेतून आणताना नवऱ्याने, अजिनाथने, गाडी पाडली, त्या दिवसापासून. पोरीच्या कोपरात अजून सळई होती. गाडी पाडली तेव्हा तो इथूनच उठून गेला होता. उद्या सासरी बैठक होती. दोन्हीकडची मोठी माणसं जमणार, आणि सविताने काय ते सांगायचं. अजिनाथ फोनवर म्हणाला होता, पाडव्यापासून थेंब न्हाई. सहादेवदादाकडचा ग्लाससुद्धा घरी आणला, आईच्यान. संस्कृतीने तेवढं ऐकून दप्तर भरून ठेवलं होतं.

घरात कुणाला न सांगता सविता नगरच्या एसटीत बसली आणि नागापूरला उतरली. फळीवर ग्लास नसला तर उद्या ती नांदायला जाणार होती.

शेवटचा ग्लास. कै. रामभाऊ यांच्या स्मरणार्थ.

नव्हता.

तिने फळीची कड धरली.

"झालं समाधान?" सहादेव म्हणाला. आवाजात जरा मऊपणा आला होता. "बसा. हितनं उपाशी कुनी जात न्हाई. अगं ए, एक ताट लाव."

टेबलांवरची माणसं पुन्हा जेवू लागली; ज्याची अर्धी भाकरी झाली, त्याने फळीवरचा आपला ग्लास नेला. कोपऱ्यातला कल्ल्यांपर्यंत मिशा वाढवलेला गडी ठेचा मागत होता.

"भीमाबाई, किती खाशील रं? रात्री गावभर पळशील," पलीकडचा म्हणाला.

"तू गप ए वास्तुशांती."

सगळे हसले. सवितालाही हसू आलं. एवढ्या थोराड माणसाला भीमाबाई म्हणतात! पदराने तोंड पुसायचं निमित्त करून तिने ते हसू लपवलं. तीन वाजून गेले होते. अजिनाथची पाळी साडेतीनला सुटायची. तोवर एसटी मिळाली तर त्याला कळायचंही नाही, की आपण येऊन बघून गेलो. कळू नयेच. त्याने खरं सांगितलं होतं आणि आपण तपासायला आलो.

स्वयंपाकघरातून मालनबाई आली. सहादेवची बायको. चुलीपुढून उठून आल्यामुळे कपाळ घामेजलेलं. तिने ताट ठेवलं : बाजरीची भाकरी, शेवभाजी, कांदा. सविताकडे एकदा नीट पाहिलं. मग ती वळली, बादलीपाशी वाकली, आतून ग्लास काढला, पाण्याने भरला आणि ताटाच्या उजव्या अंगाला ठेवला.

"अगं, त्यो नको..." सहादेव भिंत सोडून दोन पावलं पुढे आला.

"का? पानी तर हाय."

सहादेव तिथेच थांबला.

सविताने घास मोडला, खाल्ला. पाण्यासाठी हात नेला तेव्हा अंगठ्याखाली खरखर लागली. ही खरखर तिच्या ओळखीची होती. ग्लास फिरवायचीही गरज नव्हती, तरी तिने फिरवला.

चि. सविता हिस. बनुमावशी. १२-५-२०१४.

लग्नातला सहा ग्लासांचा संच. सहावा दोन वर्षांपूर्वी गेला. घरात बाहेरचं कुणी आलेलं नव्हतं, म्हणून सविताने जावेचं, आरतीचं, मांडणीवरचं एकेक भांडं खाली काढून बघितलं होतं. आरती दाराला धरून उभी राहिली होती. ग्लास मिळाला नाही. त्यानंतर दोघी एका चुलीवर स्वयंपाक करत राहिल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. दोघींना समजवायला तेव्हा अजिनाथच पुढे झाला होता. म्हणाला होता, एका ग्लासासाठी कशाला भांडता?

तिने मान वर केली. भिंतीवर आता सहादेव नव्हता.

३. ग्लासवर जे कोरलंय, तेच इथलं नाव.

भीमाबाईच्या हातातला ग्लास. वास्तुशांतीच्या हातातला ग्लास. दोघंही ताटात बघत होते.

म्हणजे रोज आपलं नाव. या सगळ्या माणसांच्या तोंडी.

"ह्ये कधी आले होते शेवटचं?" तिने विचारलं.

सहादेव टॉवेल पिळत राहिला. टॉवेल कोरडा होता.

"म्या खोटं न्हाई बोललो, ताई. अजिनाथ नावाचा..."

"तुमाला न्हाई विचारलं, दादा."

मालनबाईने हात लुगड्याला पुसले.

"काल दोनदा इसळला म्या," ती म्हणाली. "आज सकाळी, कामाला जाताना, एकदा."

ती आत गेली. आत भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला, जरा जास्तच जोरात.

सविता जेवली. सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत. ताटात टाकायची सवय नव्हती. मग ग्लासातलं पाणी पिऊन तिने तो पदराने आतून-बाहेरून कोरडा केला आणि पिशवीत ठेवला.

"ताई, तसं न्हाई नेता येत," सहादेव घाईने म्हणाला. "ग्लास ज्याचा त्यानंच..."

त्याने सवयीने भिंतीकडे बोट केलं. बोट चौथ्या नियमावर गेलं. त्याने तो पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा वाचला, आणि बोट खाली आलं.

"ज्याचं नाव, त्यानंच," भीमाबाई हळूच म्हणाला. "बराबर हाय की, दादा."

कुणी हसलं नाही.

बाहेर ऊन रस्त्यावर आडवं पडलं होतं. पाळी सुटलेल्या मोटारसायकली एमआयडीसीतून एकामागे एक येत होत्या. सविता थांब्याच्या पत्र्याखाली जाऊन उभी राहिली. तिसरी की चौथी गाडी परमिट रूमपुढं वळली. अजिनाथने गाडी स्टँडवर लावली, आरशात बघून केस सारखे केले आणि आत शिरला. रस्त्याच्या या बाजूला त्याने पाहिलंच नाही.

"दादा, सविता काढा!"

आवाज मोकळा, आनंदी होता. तिच्याशी तो असा शेवटचं कधी बोलला होता, ते तिला आठवेना.

उघड्या दारातून एक खुर्ची मागे सरकताना दिसली, तेवढंच.

तिने मोबाईल काढला. आरतीचा नंबर अजून होता. बराच वेळ घंटी वाजली.

"हॅलो?" पलीकडचा आवाज सावध होता. "कोण, सविताताई?"

"आरती." पिशवीतला ग्लास सविताने बाहेरूनच मुठीत धरला. "सहावा ग्लास सापडला."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कुठं?"

"उद्या बैठक हाय ना, तिथं ग्लास दाखवून सांगते," सविता म्हणाली. नगरकडून राहुरीची एसटी येताना दिसत होती. तिने हात वर केला. "उद्या सगळ्यांना पाणी तू देऊ नको. मी देईन."