कपाटातलं पाणी

स्वयंपाकघरातला नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. नुसती हवा.

"माझ्याच मनात मळ असेल गं, सूनबाई," सासूबाई पुटपुटल्या.

कालपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मुतखड्याचं दुखणं, डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला बजावलेलं. पण चमत्कारी म्हणून गाजलेल्या झरेबाबांचं फर्मान मोठं: पाणीपुरवठ्याचा पंप दुरुस्तीला गेला तर जाऊ दे, माझ्या हुकमानं पाणी वाहतंच आहे. ज्याचा नळ कोरडा त्याचं मन मळकं. नळ वाहीपर्यंत त्यानं पाणी पिऊ नये.

लेक जन्मेपर्यंत सूनबाई दूध डेअरीत मोजमापाची यंत्रं सांभाळायची. चार वर्षांच्या त्या लेकीला कडेवर घेऊन ती तडक पंपघरात गेली.

तिथे मुंगीला शिरायला जागा नव्हती. पंपाची जागा रिकामी, व्हॉल्व्ह बंद, तरी पाइपातलं वाहतं पाणी दाखवणाऱ्या भिंतीवरच्या डिस्प्लेवर लाल आकडा: शंभरपैकी वीस.

"शंभरही करीन," पाइपावर हात फिरवत झरेबाबा म्हणाले, "पण पाइप फुटेल. म्हणून आवरून धरलंय."

"मग नळाला का येत नाही?"

"सूक्ष्म पाणी आहे, ताई. ते नळातून नाही, नशिबातून येतं."

"बादली कुठे लावायची तेवढं सांगा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सूनबाई पंपवाल्याकडे वळली. "काका, डिस्प्ले नवा दिसतोय."

"जुना जळाला. परवा मीच बसवला. खोक्यातून काढला, तारा जोडल्या, झालं."

"आणि सेटिंग?"

"ते कशाला?"

तिनं कपाटात जादा ठेवलेला, पाइपातलं पाणी मोजून डिस्प्लेला कळवणारा सेन्सर मागवला. प्लास्टिकही न काढलेला. पाइपावरच्या सेन्सरच्या तारा सोडवताच आकडा शून्यावर आला.

"पाहा, कृपा आटली," बाबा म्हणाले.

तिनं त्याच तारा कोऱ्या सेन्सरला जोडल्या. वीस.

"बाबा, आता कपाटातही वाहतंय."

"कपाट गळेल की काय हो," एक आजोबा म्हणाले आणि पंपघर खदखदलं.

"पाणी असो नसो, सेन्सर थोडी वीज पाठवतोच," तिनं सांगितलं. "पाणी नसलं तर विजेची चार मापं, पूर्ण भरून वाहिलं तर वीस. वीजच शून्य आली तर समजायचं, तार तुटली. चार म्हणजे सेन्सर सांगतो, मी जागा आहे, पण पाणी नाही. हा डिस्प्ले शून्यापासून मोजतो. त्याच्या हिशेबात वीसपैकी चार म्हणजे शंभरपैकी वीस."

तिनं सेटिंग बदलून डिस्प्लेला चारपासून मोजायला लावलं. आकडा शून्य झाला. बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली.

"आता खरं सांगा, कुणाच्या नळाला पाणी आलंय?"

"आमच्याकडे येतं," शेजारीण म्हणाली. "म्हणजे थोडं. म्हणजे... नाहीच."

"सगळ्यांनी लाजेनं लपवलं, म्हणून बाबांचं फावलं," सूनबाई म्हणाली. "चमत्कार ऐकला की आधी नळाखाली हात धरा. ओला झाला तरच माना."

घरी येऊन तिनं साठवणीतलं पाणी सासूबाईंच्या हातात दिलं. "सगळ्यांचेच नळ कोरडे आहेत, आई. पंप नाही, म्हणून पाणी नाही. तुमचं मन त्यात कुठेच नाही."

सासूबाईंनी तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

लेक सगळं बघत होती. "आई, आजी चांगली आहे हे मला माहितेय. तुलापण माहितेय. मग आजीला का नव्हतं माहीत?"