आठ जड पेट्या

पहिली पेटी टेम्पोतून उतरवताना भुंगाकाकांनी मुद्दाम कण्हून घेतलं. तशी गरज नव्हती. आत विटा होत्या, पेटी खरोखरच जड होती. पण मधमाशा विटांपेक्षा जड असाव्यात, असं त्यांना उगीच वाटलं.

माशा पंधरा दिवसांपूर्वीच संपल्या होत्या. ऊन यंदा महिनाभर आधीच तापलं, पोळ्यांचं मेण वितळलं आणि आठही पेट्यांतल्या माशा स्वतःच्याच मधात बुडाल्या. काका रडले नाहीत. त्यांनी पेट्या धुतल्या, वाळत घातल्या. ऊन तेवढं मुबलक होतं. बहराच्या दिवसांत फळ धरावं म्हणून पेट्या मागवणाऱ्या चार बागा आधीच सुटल्या होत्या, ही एकच उरली होती. ही गेली की लोक त्यांना नुसतं काका म्हणणार.

बागेचा मालक वीस हात लांब उभा राहून बघत होता.

"काय भुंगाकाका, आवाज नाही यंदा?"

"प्रवासानं दमल्यात."

"चावत नाहीत ना?"

"या खेपेच्या फार गरीब आहेत."

आठवी पेटी टेकवून काकांनी वर पाहिलं. फांद्यांवर फुलांच्या जागी तपकिरी भुगा होता. बोट लावलं, तर झडला.

"बहर कुठंय?"

"करपला. दोन दिवसांत सगळा."

"मग पेट्या कशाला मागवल्यात?"

मालकानं हनुवटीनंच घर दाखवलं. वरच्या खिडकीत त्याचे वडील उशीला टेकून बसले होते.

"आबांना लांबचं धड दिसत नाही. पेट्या आल्या का, एवढंच रोज विचारतात." तो खाली बघत म्हणाला, "तुमच्या माशांचे मात्र हाल. इथं खायला काही नाही."

"त्यांचं काही नाही," काका म्हणाले. "त्या फार खात नाहीत."

मग त्यांनी जाळीची टोपी घातली, धुराचा डबा पेटवला आणि एकेका पेटीला रीतसर धूर दिला. एक झाकण जपून, बोटभर उचललं. मालक जवळ आला, बोडक्या डोक्यानं पेटीला खेटूनच उभा राहिला. आत डोकावला. झाकण त्यानंच हलकेच खाली टेकवलं.

खिडकीतून आबांची हाक आली.

"यंदा लई दिसतायत रे!"

"हो आबा," मालक ओरडला आणि कानाशी हात झाडून त्यानं माशी हाकलली.