नेण्यासाठी: एक निरोप

हे अंगद दोस्ताला सांगणारच नव्हता. तीनदा मेसेज टाइप केला, तीनदा पुसला.

अंगदचं घर जाफराबादला, मोबाइल दुरुस्तीचं दुकान धावड्यात. रोज जीपनं ये-जा. धावड्याचा टॉवर महिन्यातून चार दिवस मेलेलाच. म्हणून त्यानं, व्हिडिओ बघून बघून शिकलेल्या गड्यानं, स्वतःच्या, दोस्त आमेरच्या अन् धावड्यात दिलेल्या त्याच्या बहिणीच्या, महजबीन आपाच्या फोनात एक ॲप टाकून दिलं. नेट नको, नंबर नको, मधी कंपनी न्हाई. निरोप जवळच्या फोनात उडी मारतो, तो फोन जाईल तिकडं जातो, अन् ज्याचा असंल त्याच्याच फोनात उघडतो.

"मधी तू वाचशील की रे," आमेर म्हणाला.

"बिलकुल न्हाई. मी नुसता पोस्टमन. नाव बी दिसत न्हाई मला."

त्या सकाळी आमेरच्या अब्बांना जास्त झालं. धावड्याचा टॉवर बंद. आमेरचं घर जाफराबादच्या जीपस्टँडला लागून. त्यानं निरोप टाकला, 'आपा, जल्दी निघ.' स्क्रीनवर 'पुढे गेला' आलं, मंग त्यानं कुणाला गाडीवर पाठवलंच न्हाई.

निरोप गेल्ता अंगदच्या फोनात. अंगद जीपमध्ये रील बघत बसला. बॅटरी पंधरावर आली तसं त्यानं ते ॲपच बंद केलं. दिवसभर आपाच्या घराच्या भिंतीला लागून दुकानात बसला, निरोप खिशात.

दुपारी अब्बा गेले. असरच्या नमाजनंतर मिट्टी झाली. कुणीतरी उशिरा खबर नेली, आपा पोचली तेव्हा लोक कबरस्तानातून परतत होते. बापाचं तोंड दिसलं न्हाई तिला.

घरी येऊन अंगदनं ॲप उघडलं. 'नेण्यासाठी: १'. दुसऱ्या सकाळी निरोपाची चोवीस तासांची मुदत संपून तोही पुसला गेला. निरोप कुणाच्या फोनात अडकला, ते हे ॲप कुणालाच सांगत न्हाई. अंगदनंच हे आमेरला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी जियारत, अब्बांसाठी दुआ. आमेर फोन दाखवून राह्यला, "देखो ना आपा, नौ बजे भेजा मैंने."

"मेरे में कुछ नहीं आया. बहन याद नहीं आई तेरे कू, बोल ना सीधा." न जेवताच आपा धावड्याला निघून गेली.

अंगद चहाचे कप गोळा करत राहिला. शेवटी अंगणात आमेरला म्हणाला, "तो निरोप माह्या खिशात होता." अन् रीलसकट सगळं सांगितलं.

आमेर म्हणाला, "पोस्टमन होता ना तू?"

अंगदनं कप खाली ठेवले. आमेर पुढं बोलला,

"आपाला मी न्हाई सांगनार. तिला वाटंल, दोस्तावर ढकलून राह्यला."

"मी सांगतो. उद्या पहिल्या जीपनं, तिच्या दारात उभा राहून, माह्या तोंडानं. तिनं चप्पल हाणली तरी पुरं सांगूनच येतो, आमेर."